हक्काचा सांभाळ: नागपुरातील वृद्धसेवेची दीडशे वर्षे

वृद्धांचा सांभाळ ही नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या घराची जबाबदारी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापड गिरणीने, विसाव्या शतकात सेवाभावी संस्थांनी आणि स्वातंत्र्यानंतर शासनाने व न्यायालयांनी तिच्यातला काही भाग उचलला. रोजचे प्रत्यक्ष काम मात्र फारसे हलले नाही. आंघोळ घालणे, भरवणे, वेळेवर औषध देणे, रात्री उठून पाहणे हे सारे आजही बहुतेक ठिकाणी घरातल्या बाईकडे, नाहीतर तिच्या मदतीला ठेवलेल्या मोलाच्या बाईकडेच आहे. या दीडशे वर्षांचा आढावा घेतला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. उतारवयाचा आधार जेव्हा नियमात बसवला गेला, त्यासाठी रक्कम ठरली आणि तो मागण्याचा हक्क मिळाला, तेव्हा तो म्हाताऱ्या माणसाच्या हाती पडला. जिथे तो कुणाच्या भलेपणावर सोडला गेला, तिथे तो घरागणिक आणि माणसागणिक बदलत राहिला.

घर, शेत आणि माग

भोसल्यांच्या राज्यात आणि १८५४ मध्ये ते खालसा झाल्यावरही नागपूर भागात वृद्ध माणसाचे घरातले स्थान दोन गोष्टींवर ठरत असे: त्याच्या नावावर काय आहे आणि त्याच्या हातून अजून काय काम होते. शेतकरी घरात मुले वेगळी निघाली की वाटणीत म्हातारा-म्हातारीचा म्हणून एक वाटा राखून ठेवण्याची रीत होती. आईबाप ज्या मुलाकडे राहतील तो हा वाटा वाहायचा. राखण, गुरांकडे पाहणे, दोर वळणे, नातवंडे सांभाळणे ही कामे वयस्कांकडे असत. या कामांना मजुरी नव्हती, पण त्यांच्यामुळे घरात शब्दाला किंमत राही.

विणकरांच्या घरांत ही सांगड आणखी घट्ट होती. नागपूर, उमरेड, पवनी ही हातमागाची जुनी केंद्रे. इथल्या कोष्टी-हलबांच्या घरात माग हाच संसाराचा मध्य होता. मागावर बसण्याचे बळ सरले तरी सूत उकलणे, कांड्या भरणे, ताण्याची तयारी करणे ही कामे म्हाताऱ्या हातांना जमत. त्यामुळे वृद्ध माणूस घराच्या कमाईत शेवटपर्यंत भागीदार राहत असे. पुढे गिरणीचे कापड आणि सूत आले तसा हातमागाचा धंदा आक्रसत गेला, आणि घरबसल्या मिळणारे हे हलके काम त्याच्याबरोबर गेले.

गोंड समाजात मुलगा नसलेल्या आईबापांना आधार मिळण्याची वेगळी वाट होती. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात ‘लमसेना’ या प्रथेची नोंद आहे. होणारा जावई ठरलेली काही वर्षे सासऱ्याच्या घरी राहून राबत असे आणि देजाऐवजी, म्हणजे वधूमूल्याऐवजी, आपले श्रम देत असे. ज्या घरात मुलगा नाही तिथे असा जावई कायमचा राही आणि सासूसासऱ्यांचा आधार होई.

विधवेची स्थिती या सगळ्यांत नाजूक होती. एकत्र हिंदू कुटुंबात १९३७ च्या कायद्यापर्यंत तिला नवऱ्याच्या हिश्श्यावर वारसा नव्हता. तिला होता तो अन्नवस्त्राचा हक्क. कागदावर हा हक्क असला तरी तो बजावण्यासाठी तिला ज्या दिरा-पुतण्यांवर रोजचे जेवण अवलंबून होते त्यांच्याविरुद्धच दाद मागावी लागे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई ही मुलाच्या मालमत्तेत पहिल्या वर्गाची वारस ठरली आणि नवऱ्याच्या मिळकतीतला विधवेचा वाटा पूर्ण मालकीचा झाला. म्हाताऱ्या बाईच्या सांभाळाच्या दृष्टीने हा बदल कोणत्याही वृद्धाश्रमापेक्षा मोठा होता.

घरच्या व्यवस्थेचा गौरव करताना तिच्या मर्यादाही पाहाव्या लागतात. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातले सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. बालमृत्यूंमुळे हा आकडा खाली दिसतो आणि मोठेपणी पोचलेली माणसे म्हातारीही होत असत, हे खरे. पण अर्धांगवायू, स्मृतिभ्रंश किंवा मोडलेले खुब्याचे हाड घेऊन दहा-दहा वर्षे अंथरुणावर काढणारी माणसे त्या काळात विरळाच. जुन्या घराने जो सांभाळ केला तो बहुतेकदा चालत्याफिरत्या म्हाताऱ्यांचा आणि थोड्या काळाच्या आजारपणाचा होता. आजच्या घरापुढचे काम त्याहून कितीतरी लांबलचक आणि अवघड आहे.

दुष्काळातील पहिली सरकारी यादी

म्हातारा आहे, काम करू शकत नाही, एवढ्याच कारणासाठी सरकारने पोसावे, ही कल्पना या भागात मोठ्या प्रमाणावर अमलात आली ती दुष्काळात. १८८० च्या दशकात दुष्काळ संहिता तयार झाल्या. अंगमेहनत करू शकणाऱ्यांसाठी खडी फोडण्याची व रस्ते-तलावांची कामे, आणि वृद्ध, अपंग व निराधार मुलांसाठी विनामूल्य मदत, अशी त्यांत विभागणी होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत पिळून निघाला. गावपातळीवर काम न होणाऱ्यांच्या याद्या करून धान्य किंवा रक्कम दिली गेली आणि दुसऱ्या दुष्काळात शिजवलेले अन्न देणारी स्वयंपाकघरे फार मोठ्या प्रमाणावर चालवली गेली.

ही मदत पाऊस पडला की थांबत असे. दुष्काळ संपला तरी म्हातारपण संपत नाही, या साध्या गोष्टीची दखल त्या संहितेत नव्हती. तरीही कोण वृद्ध, कोण निराधार हे ठरवून गावागावांत यादी करता येते आणि यादीतल्या प्रत्येकाला मदत पोचवता येते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. या अनुभवावरून कायमच्या पेन्शन योजनेकडे यायला राज्याला आणखी ऐंशी वर्षे लागली.

एम्प्रेस मिल आणि कामगाराचे म्हातारपण

जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. जवळ कापसाचा पट्टा होता, रेल्वे १८६७ मध्येच येऊन पोचली होती आणि वरोऱ्याचा कोळसा फार लांब नव्हता. गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी हा कारखाना नावारूपाला आणला. गिरणीबरोबर नागपुरात एक नवी अवस्था आली: ठरावीक वयानंतर कामावरून कमी होणे. शेतात आणि मागावर काम हळूहळू हलके होत जाई. गिरणीत एके दिवशी भोंगा ऐकून आत जाणे बंद होई आणि त्याच दिवशी पगारही थांबे.

एम्प्रेस मिलने १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू केला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास सुरुवात केली. पुढे भविष्य निर्वाह निधीही आला. जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने जगातला पहिला सर्वसाधारण वृद्धत्व विम्याचा कायदा १८८९ मध्ये केला, हे लक्षात घेतले म्हणजे नागपूरच्या या निर्णयाचा काळ किती आधीचा होता ते कळते. दोन्हींत मोठा फरकही होता. जर्मनीतला हक्क कायद्याचा होता आणि तो देशभरच्या कामगारांना लागू होता. नागपुरातला आधार एका कंपनीच्या धोरणाचा होता आणि त्या गिरणीच्या दाराबाहेर लागू नव्हता.

दाराबाहेर मोठी दुनिया होती. नागपूर, कामठी, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात हजारो बाया विड्या वळत. नजर अधू झाली आणि बोटे वळेनाशी झाली की त्यांची कमाई बंद होई. या कष्टकरी बायांचा आवाज नागपुरातच उमटला. २० जुलै १९४२ रोजी मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिथे भाषण केले. परिषदेच्या ठरावांत गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, महिन्याची हक्काची रजा, दुखापतीची भरपाई आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा किमान १५ रुपये पेन्शन अशी मागणी होती.

वृद्धसेवेच्या इतिहासात हा ठराव फारसा आठवला जात नाही, पण त्याचे मोल मोठे आहे. समाजाच्या सर्वांत खालच्या पायरीवर ढकललेल्या स्त्रियांनी म्हातारपणासाठी दानधर्म मागितला नाही. वर्षे मोजली, रक्कम ठरवली आणि ती केलेल्या कामाचा मोबदला म्हणून मागितली. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा त्यानंतर दहा वर्षांनी, १९५२ मध्ये झाला.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य सरकारच्या ताब्यात गेली आणि पुढे बंद पडली. गांधीसागर तलावाजवळच्या तिच्या जमिनीवर आज एम्प्रेस सिटी आणि मॉल उभा आहे. एखाद्या कारखान्याशी बांधलेला आधार कारखान्याइतकाच टिकतो, हा धडा नागपूरचे गिरणी कामगार सोसून शिकले.

शुश्रूषेला प्रतिष्ठा: कमलाताई होस्पेट आणि मातृसेवा संघ

वृद्धाला पैसा लागतो तसा हात लागतो. हे हात कोणाचे आणि त्यांना समाजात काय किंमत, हा प्रश्न नागपुरात सर्वप्रथम बाळंतपणाच्या निमित्ताने सुटू लागला. मलमूत्र, रक्त, रोग्याचे कपडे यांना हात लावण्याचे काम जातिव्यवस्थेने हलके ठरवले होते. सुईणीचे काम अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या बायांकडे होते आणि पांढरपेशा घरातली मुलगी परिचारिका होणे बेअब्रूचे समजले जाई.

कमलाताई होस्पेट (१८९६–१९८१) या बालविधवा. त्यांनी परिचारिकेचे व प्रसूतिशुश्रूषेचे शिक्षण घेतले आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्या साथीने नागपुरात मातृसेवा संघाची स्थापना केली. सीताबर्डीतल्या छोट्या प्रसूतिगृहापासून सुरू झालेले हे काम विदर्भात आणि मध्य प्रांताच्या इतर भागांत पसरले. संस्थेने अनेक विधवा, परित्यक्ता आणि गरजू मुलींना शुश्रूषेचे शिक्षण दिले. त्यांना पगार मिळाला, गणवेश मिळाला आणि गावात नावाने ओळख मिळाली. १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री देण्यात आली.

याच संस्थेने १९५८ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारे महाविद्यालय काढले आणि पुढे उमरेड मार्गावर पंचवटी वृद्धाश्रम चालवला. आईच्या आणि तान्ह्या बाळाच्या शुश्रूषेपासून निघालेली संस्था आयुष्याच्या दुसऱ्या टोकाच्या शुश्रूषेपर्यंत पोचली, यात सुसंगती आहे. दोन्ही ठिकाणी माणूस काही काळ पूर्णपणे दुसऱ्याच्या हातावर असतो आणि दोन्ही ठिकाणी हे काम बायकांना जन्मजात येतेच असे समजून त्याच्या शिक्षणाकडे आणि मोबदल्याकडे दुर्लक्ष झाले होते. मातृसेवा संघाने बाळंतपणाच्या बाबतीत ही समजूत मोडली. वृद्धसेवेच्या बाबतीत ती अजून पुरती मोडलेली नाही.

निराधार वृद्धांसाठी आश्रयगृह ही कल्पना महाराष्ट्रात त्याआधीची आहे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० च्या दशकात उभे राहिलेले अनाथ पंगुगृह आजही ‘निवारा’ या नावाने चालते. विदर्भात गाडगेबाबांनी सदावर्ते आणि धर्मशाळांतून अपंग व म्हाताऱ्यांना पोटभर अन्न देण्याचा पायंडा पाडला. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. तिथे तरुणपणी आलेले कुष्ठमुक्त स्त्रीपुरुष तिथेच म्हातारे झाले. रोग बरा झाला तरी परतायला घर नव्हते, म्हणून आनंदवनाला वृद्धांचीही वसाहत व्हावे लागले. रक्ताचे नाते नसलेली माणसे एकमेकांचे म्हातारपण निभावू शकतात, हे तिथे घडून आले, कारण ते सारे एका ठिकाणी राहत होते, एकत्र कमावत होते आणि सेवेची पाळी ठरलेली होती.

वृद्धाश्रमात येणारी माणसे मुलांनी टाकलेलीच असतात, असा समज अजून पक्का आहे. प्रत्यक्षात त्यांत अविवाहित स्त्रिया असतात, अपत्यहीन जोडपी असतात, परदेशी मुले असलेले असतात, स्वतःहून आलेलेही असतात. या समजामुळे दुहेरी नुकसान होते. तिथे राहणाऱ्याला कमीपणा येतो आणि घरात सांभाळणे अशक्य झालेल्या कुटुंबाला वेळेवर मदत मागायची लाज वाटते.

पेन्शनरांचे शहर

१९५६ पर्यंत नागपूर हे मध्य प्रांत व वऱ्हाडाचे आणि नंतरच्या मध्य प्रदेशाचे राजधानीचे शहर होते. राज्यपुनर्रचनेत राजधानीपण गेले. कर्मचारी भोपाळ आणि मुंबईत वाटले गेले. तरीही सरकारी व सार्वजनिक नोकरी हा शहराचा कणा राहिला. रेल्वे, रिझर्व्ह बँक, महालेखापाल कार्यालय, अंबाझरीचा आयुध निर्माण कारखाना, वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय ही त्याची ठळक उदाहरणे. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांची पेन्शन प्रकरणे नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातूनच मंजूर होतात.

सरकारी पेन्शनने मध्यमवर्गीय म्हातारपणाचा चेहरा बदलला. केंद्राने १९६४ मध्ये कुटुंब निवृत्तिवेतन योजना आणली आणि कर्मचाऱ्याच्या मागे त्याच्या पत्नीला दरमहा रक्कम मिळू लागली. अन्नवस्त्रासाठी दिराकडे पाहणारी विधवा एका पिढीत स्वतःचे बँक खाते असलेली आजी झाली. अशा घरात म्हातारीच्या औषधाचा खर्च हा वादाचा विषय राहत नाही. उलट अनेकदा तिच्या पेन्शनवर नातवंडांची फी भरली जाते.

पण त्याच गल्लीत दुसरे म्हातारपणही आहे. खासगी कारखाने, सहकारी संस्था, एसटी, वीज कंपन्या यांतून निवृत्त झालेल्यांना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेतून पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम २०१४ मध्ये १,००० रुपये ठरवण्यात आली. ती वाढवावी म्हणून या पेन्शनरांनी विदर्भात मोठे आंदोलन उभारले. राज्य सरकारी सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर आलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली आणि ती परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात धंतोलीतल्या यशवंत स्टेडियमवरून विधानभवनाकडे निघणाऱ्या मोर्चांत म्हातारपणाच्या तरतुदीची मागणी आता नेहमीची झाली आहे.

पैसा असलेल्या घरांतही माणसे कमी झाली. गेल्या तीसेक वर्षांत शिकलेली मुले पुणे, हैदराबाद, बंगळूर आणि परदेशी गेली. धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर या जुन्या वस्त्यांतल्या अनेक बंगल्यांत सत्तरी-ऐंशीतली जोडपी एकटी राहतात. नागपूरचा उन्हाळा त्यांच्यासाठी जीवघेणा ठरू शकतो. मे २०१३ मध्ये शहराचे तापमान ४७.९ अंशांवर गेले होते. २०१६ पासून राबवल्या जाणाऱ्या उष्माघात प्रतिबंधक कृती आराखड्यात वृद्धांना जास्त धोका असलेल्या गटात धरलेले आहे.

पोटगीपासून न्यायाधिकरणापर्यंत

आईबापांचा सांभाळ ही धर्मशास्त्रानेही सांगितलेली जबाबदारी होती. कायद्याने ती १९५६ मध्ये हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात लिहिली आणि मुलगा व मुलगी दोघांवर टाकली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ने सर्व धर्मांच्या आईबापांना दंडाधिकाऱ्याकडे पोटगी मागण्याचा मार्ग दिला. मात्र तिची कमाल मर्यादा २००१ पर्यंत महिना ५०० रुपये एवढीच होती. विवाहित मुलीवर ही जबाबदारी येते का, हा प्रश्न महाराष्ट्रातल्याच एका वडिलांच्या अर्जातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८७ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की स्वतःचे पुरेसे उत्पन्न असलेल्या विवाहित मुलीवरही आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी आहे. मुलगाच म्हातारपणाची काठी, ही धारणा कायद्याच्या पातळीवर तिथे संपली.

२००७ मध्ये संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा केला. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला. उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणापुढे साध्या अर्जावर, वकिलाशिवाय दाद मागता येते. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देण्याचा आदेश होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन लिहून घेऊन नंतर पाठ फिरवणाऱ्याच्या नावचा तो व्यवहार रद्द करता येतो. वृद्धाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

या कायद्याची बळकट बाजू मालमत्तेच्या संरक्षणाची आहे. कच्ची बाजू सेवेची आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रयगृह असावे, असे त्यात म्हटले आहे, पण राज्य सरकारला त्याचे बंधन घातलेले नाही, मुभा दिली आहे. न्यायाधिकरण मुलाला पैसे द्यायला लावू शकते. आईची कूस बदलायला कोण येणार, हे त्याच्या कक्षेबाहेरचे राहते. शिवाय पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करण्यापेक्षा अर्धपोटी राहणे पत्करणारे आईबाप पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी कायद्यापेक्षा पोलीस ठाण्यातली समुपदेशनाची खोली, शेजार आणि १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरचा फोन जवळचा असतो.

निराधारांची पेन्शन

नोकरीची पेन्शन नाही आणि पोटगी देणारेही कोणी नाही, अशा वृद्धांसाठी महाराष्ट्राने १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आली. ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तहसील कार्यालयातून चालणाऱ्या या योजनांची रक्कम २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झाली. तिच्यात साठ ते एकोणऐंशी वयाच्या लाभार्थ्यासाठी केंद्राचा वाटा २०० रुपयांचा आहे आणि तो २००६ च्या सुमारास ठरला तेवढाच आहे. पात्रतेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. शेतमजूर मुलाच्या घरात राहणारी म्हातारीही या अटीत सहज बसत नाही.

एसटीची सवलत साधी असली तरी तिचा परिणाम मोठा आहे. ६५ वर्षांवरील प्रवाशांना अर्धे तिकीट होतेच. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील सर्वांना एसटी मोफत झाली. वय सिद्ध केले की काम झाले, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही. लेकीच्या गावी जाणे, दवाखान्यात जाणे, पंढरीची वाट धरणे हे सारे मुलाच्या खिशाकडे न पाहता होऊ लागले.

सेवा करणारे हात

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढच्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते आणि देशाचे ८.६ टक्के. वृद्ध वाढले, घरे लहान झाली आणि घरातल्या बाया नोकरीला लागल्या. त्यातून नागपुरात गेल्या काही दशकांत एक नवा व्यवसाय उभा राहिला. नर्सिंग ब्युरो किंवा सेंटरमार्फत बारा तासांच्या पाळीवर येणारी आया, अटेंडंट, ‘मावशी’, पुरुष रुग्णासाठी ‘ब्रदर’. त्यांतल्या अनेकांचे शिक्षण थोडे असते, औपचारिक प्रशिक्षण त्याहून कमी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखम न होऊ देता कूस कशी बदलावी, गिळायला त्रास होणाऱ्याला कसे भरवावे, विसरभोळ्या झालेल्या माणसाचा राग कसा निभावावा, हे कौशल्याचे काम त्या अनुभवातून शिकतात. करारपत्र नसते, आठवड्याची सुटी ठरलेली नसते, ब्युरोचे कमिशन पगारातून जाते.

घरकामगारांना हक्क मिळवून देण्याचे काम नागपुरात १९८० च्या सुमारास सुरू झाले. संस्कृतच्या प्राध्यापिका डॉ. रूपा कुळकर्णी यांनी विदर्भ मोलकरीण संघटना उभी केली. साप्ताहिक सुटी, पगारवाढ, बोनस आणि म्हातारपणाची तरतूद या मागण्यांसाठी संघटना रस्त्यावर उतरली. अशा दीर्घ लढ्यांनंतर महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. या मंडळाने ५५ वर्षे पूर्ण केलेल्या नोंदीत घरकामगारांना १०,००० रुपयांचे सन्मानधन दिले, तेही एकदाच. दुसऱ्याच्या आईवडिलांची सेवा करण्यात आयुष्य घालवलेल्या बाईच्या स्वतःच्या म्हातारपणासाठी समाजाने केलेली ही तरतूद १९४२ च्या ठरावातल्या मागणीच्याही मागे आहे, कारण त्या ठरावाने दरमहा पेन्शन मागितली होती.

घरातल्या सुनेचा, लेकीचा, पत्नीचा हिशेब तर कुठेच होत नाही. सासूच्या आजारपणात नोकरी सोडलेल्या बाईचे बुडालेले उत्पन्न, तिची मोडलेली झोप, तिचे दुखणारे कंबरडे हे सारे कर्तव्य या एका शब्दाखाली झाकले जाते. आणि ती स्वतः म्हातारी होते तेव्हा तिच्या हाती ना पेन्शन असते ना भविष्य निर्वाह निधी.

पुढील दिशा

इतर समाजांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे उपयोगी आहेत. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन सेवेचा विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिशीपासून प्रत्येक जण त्याची वर्गणी भरतो आणि गरज पडल्यावर सेवेच्या प्रमाणात मदत मिळते. जर्मनीत घरच्याच माणसाने सेवा केली तर कुटुंबाला रोख भत्ता मिळतो. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेतून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जाळे तयार झाले आणि २००८ मध्ये राज्याने त्याचे धोरण केले. तिथे प्रशिक्षित परिचारिका आणि गावातले स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी जातात.

नागपूरला यासाठी पाया नव्याने घालावा लागणार नाही. इथल्या गिरणीने पेन्शन फंड पाहिला आहे, इथल्या बायांनी पेन्शनचा ठराव केला आहे, इथल्या संस्थेने शुश्रूषेला प्रतिष्ठित व्यवसाय बनवून दाखवले आहे आणि इथल्या मोलकरणींनी संघटना बांधली आहे. या अनुभवांतून पुढची कामे स्पष्ट होतात. निराधार पेन्शनची रक्कम महागाईशी जोडायला हवी आणि उत्पन्नाची अट आजच्या मजुरीच्या दरांप्रमाणे बदलायला हवी. जिल्ह्यातले सरकारी आश्रयगृह हे बंधन व्हायला हवे. मनपाच्या प्रत्येक झोनमध्ये दिवसभर वृद्धांना ठेवता येईल असे केंद्र असेल तर घरातल्या बाईला नोकरी सोडावी लागणार नाही. आशा कार्यकर्तीसारखी वृद्धांच्या घरी जाणारी, शिकलेली आणि नियमित पगार मिळणारी सेविका वस्तीत हवी. ब्युरोंची नोंदणी, किमान वेतन आणि अटेंडंटचे प्रशिक्षण यांचे नियम हवेत. वर्षानुवर्षे घरी सेवा करणाऱ्या व्यक्तीला भत्ता आणि स्वतःच्या पेन्शनमध्ये त्या वर्षांची जमा मिळायला हवी. वृद्धाला हक्क मिळवून देण्याच्या दिशेने या शहरात पहिले पाऊल १८८६ च्या पेन्शन फंडाने पडले. वृद्धाची सेवा करणाऱ्याला तो मिळवून देणे हे उरलेले काम आहे, आणि ते झाल्याशिवाय पहिलेही पूर्ण होत नाही.